जीभ दाखवा पाहू!

बायकांच्या जिभेबद्दल आपल्या समाजात जेवढे बोलले जाते तेवढे त्या बिचारीने स्वतः तरी बोलून झाले असेल का, कोण जाणे! जिभेला हाड नाही, जीभ फार लांब, जिभेचे चोचले, कुणाची जीभ काळी तर कुणाच्या जिभेवर साखर. चर्चेला तोटा नाही. पण मैत्रिणींनो, रोज आरशापुढे उभ्या राहून आपण टिकली लावतो, भांग पाडतो, एखादा पांढरा केस दिसला की तासभर हळहळतो. त्याच आरशात जीभ बाहेर काढून कधी पाहतो का? पूर्वी डॉक्टरांकडे गेले की पहिले वाक्य ठरलेले असे, "जीभ दाखवा पाहू." हल्ली ते वाक्यही कमीच ऐकू येते. आधी रक्त तपासायला धाडतात, मग काय ते.

आमच्या घरात मात्र गेल्या दिवाळीत चार दिवस जिभेशिवाय दुसरा विषय नव्हता.

माझी नणंद गंगाखेडला असते. तिची मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुण्याची गाडी पहाटे परभणीला येते, म्हणून पोरगी आधी आजोळी आमच्याकडे उतरते, दोन दिवस राहते आणि मग गावी जाते. एरवी ती आली की घर दणाणून जाते. या वेळी आली ती तोंड मिटून. काही विचारले की "हं" आणि "उंहूं". चकलीची बशी पुढे केली तर मानेनेच नाही म्हणाली. चिवडा नको, शंकरपाळे नको. सासूबाईंनी ताबडतोब मीठ-मोहऱ्या काढल्या. "पोरीला कुणाची तरी नजर लागली बघ. मुकी झालीय की काय माय!"

मीठ-मोहऱ्या उतरून झाल्या तरी फरक नाही. दुपारी ती हळूच स्वयंपाकघरात आली नि म्हणाली, "मामी, पातय आंबीय असेय का?"

'पातळ आंबील' म्हणायचे होते तिला! 'ळ' आणि 'ल' ही दोन्ही अक्षरे म्हणताना जीभ टाळ्याला लावावी लागते, हे व्याकरणाच्या पुस्तकात वाचले होते. प्रत्यक्ष प्रचिती तेव्हा आली. तोंड उघडायला लावले तर जिभेच्या मधोमध चकचकीत खिळी. वर हिरवा मणी, खाली दुसरा मणी, आणि जीभ अशी सुजलेली की दोन्ही कडांवर दातांचे ठसे उमटलेले.

सासूबाई बघतच राहिल्या. "अगं माय, जिभंला खिळा ठोकून घेतलास व्हय गं? गुराला येसण घालतेत, ती तरी नाकात घालतेत!"

पुढे जो गोंधळ झाला तो तुमच्या डोळ्यापुढे येईलच. गंगाखेडला फोन, गंगाखेडहून फोन, नणंदेचे रडणे, मामाचे ओरडणे. भाचीही काही कमी नाही. बोलता येत नव्हते तर तिने कागदावर लिहून दिले, "मी बारा दिवसांची असताना माझे कान टोचले, तेव्हा मला विचारलं होतं का?"

आता याला काय उत्तर द्यावे? मुद्दा खोटा नाही. आपल्याकडे टोचणे हा संस्कारच आहे. बारशाच्या सुमारास सोनाराला बोलावून बाळाचे कान टोचायचे, पोरगी जरा मोठी झाली की चमकीसाठी नाक. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यातसुद्धा धार्मिक विधीप्रमाणे मुलांचे नाक-कान टोचणे खास वगळून ठेवलेले आहे. भाचीजवळ आणखी एक पुरावा होता. तमिळ लोक मुरुगनाच्या उत्सवात जिभेतून छोटा भाला आरपार घालतात, ते कसे चालते? मी म्हटले, उद्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, त्यांनाच विचार. सोनारानेच कान टोचलेले बरे!

वसुबारसेच्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. सासूबाईही निघाल्या. "मीबी येते. पक्कड घेऊन काढा म्हणते तो खिळा."

डॉक्टरीणबाई वयाने तरुण, पण समजूतदार. रागावल्या नाहीत की हसल्या नाहीत. आधी विचारले, ताप आहे का, श्वास घ्यायला, थुंकी गिळायला त्रास होतो का, पू येतो का. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग दुसरा प्रश्न, "सुई नवी होती का?" भाचीने लिहिले, "पाकिटातून काढली बहुतेक." डॉक्टरीणबाईंनी त्या 'बहुतेक'वर बोट ठेवले. बी आणि सी जातीची कावीळ, एड्सचा विषाणू, हे सगळे एका वापरलेल्या सुईतून येऊ शकते. म्हणून आता एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा एकदा रक्त तपासायचे. तिसरा प्रश्न मला नवा वाटला. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हृदयाच्या झडपेचे काही दुखणे आहे का? तोंडातले जंतू जखमेतून रक्तात शिरतात आणि अधू झडपेवर जाऊन बसतात, असे त्यांनी सांगितले. अशा मुलीने जिभेला सुई लावू देणे म्हणजे जिवाशी खेळ.

मग कानाचा आणि जिभेचा हिशेब. कानाची पाळी म्हणजे कातडी आणि चरबी. तिच्यात मोठी रक्तवाहिनी नाही, ती हलत नाही, कोरडी राहते. जीभ म्हणजे नुसता स्नायू. दोन्ही अंगांनी मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू गेलेले, दिवसभर हलती, कायम ओली, आणि भोवती जंतूंची वस्ती. सुई जरा इकडेतिकडे गेली तर रक्त थांबता थांबत नाही, किंवा जिभेचा एखादा भाग बधिर राहतो. पहिल्यांदा घालतात ती खिळी मुद्दाम लांब असते, कारण जीभ सुजणार हे टोचणाऱ्यालाही ठाऊक असते. तीन ते पाच दिवस सूज चढती असते. ती जिभेखाली उतरून हनुवटीखाली पसरली तर श्वासाची वाट अडते. तोंडातून लाळ गळू लागली, आवाज घोगरा झाला, ताप चढला, तर घरगुती उपाय करत बसायचे नाही, रात्र असली तरी थेट मोठा दवाखाना गाठायचा.

"आणि हे सगळं नीट पार पडलं, तर?" भाचीने लिहिले.

"तर दात," त्या म्हणाल्या. मला हे त्यांचे सर्वांत पटले. जखम महिना-दीड महिन्यात भरते. मग लांब खिळी काढून आखूड घालायची असते, पुष्कळ मुली त्यासाठी परत जातच नाहीत. मग तो मणी बोलताना, जेवताना दातांवर आपटत राहतो. शिवाय चाळा लागतो. अभ्यास करताना, बसमध्ये बसल्या बसल्या मणी खालच्या पुढच्या दातांच्या मागे घासायचा. दातांचे टवके उडतात, दाढेला चीर जाते, आणि पुढच्या दातांच्या मागची हिरडी उतरू लागते. उतरलेली हिरडी आपोआप वर चढत नाही, दात हलू लागतात. विशीत घातलेल्या खिळीची किंमत तिशीत कळते. मणी सैल होऊन घशात गेला म्हणजे आणखी एक प्रकरण. अमेरिकेत ही फॅशन आपल्याआधी आली, आणि तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेचा तोंडात काहीही टोचून घ्यायला सरळ विरोध आहे. मुरुगनाच्या भाल्याचे म्हणाल तर तो काही तासांनी काढतात, तो तोंडात ठेवून कुणी वर्षानुवर्षे जेवत नाही.

(खिळीपुढची पायरीही निघाली आहे बरे का! तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला २०२४ च्या डिसेंबरात पोलिसांनी गोंदवण्याच्या दुकानातल्यांना अटक केली, कारण ते जीभ पुढून मधोमध चिरून सापासारखी दुभंगवून देत होते. हे ऐकल्यावर सासूबाईंना भाचीची खिळी जरा सौम्य वाटू लागली असावी.)

इथपर्यंत सासूबाई समाधानाने मान डोलवत होत्या. एवढ्यात डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे वळल्या. "आजी, तुमचं तोंड बघू का जरा?"

"मला काय धाड भरली? मी काय खिळे ठोकून घेतले का?"

"नाही हो, पण तुम्ही मिसरी लावता ना? दात काळे दिसले म्हणून विचारलं."

आता मिसरीबद्दल परभणीकडच्या वाचकिणींना मी काय सांगावे? कुणी मिश्री म्हणतात, कुणी मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करून डबीत भरायची. सकाळी उठल्यावर बोटावर घेऊन दातांना लावायची, आणि बोट तोंडात ठेवून अंगणात अर्धा तास बसायचे. बाईने विडी ओढली तर गाव डोक्यावर घेईल, पण मिसरीला कुणी व्यसन म्हणतच नाही. ती 'दात घासणे' या सदरात मोडते! सासूबाईंनी ती सोळाव्या वर्षी धरली, दाढ दुखत होती म्हणून त्यांच्या सासूनेच दिली. आज त्या बहात्तर वर्षांच्या आहेत. सकाळी एकदा, दुपारच्या जेवणानंतर एकदा, निजताना एकदा, आणि कुणाशी भांडण झाले तर मध्ये एकदा.

२०१६-१७ साली देशभर तंबाखूची पाहणी झाली, तिच्यात महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढ बायकांमागे सतराजणी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. त्यांत ओढणाऱ्या अगदी थोड्या. बाकी सगळ्या लावणाऱ्या आणि चघळणाऱ्या. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीवर कोण बंदी घालणार? भाजली म्हणजे तिचे विष जळून जाते, अशी आपल्या बायकांची ठाम समजूत. उलट भाजण्याने धुरात असतात तसली काही घातक द्रव्ये त्या काळ्या भुकटीत नव्याने येऊन बसतात. पोटुशी बाईने ती लावली तर बाळालाही भोगावे लागते. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. असली तंबाखू घेणाऱ्या, त्यांतही बहुतेक मिसरीवाल्या, बायकांची बाळे सरासरीने सुमारे शंभर ग्रॅम कमी वजनाची भरली होती.

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना खुर्चीत बसवले. आधी तीन बोटे उभी करून तोंडात जातात का ते पाहिले. जेमतेम गेली. मग जिभेचे टोक स्वच्छ कापडात धरून जीभ एकदा उजवीकडे ओढली, एकदा डावीकडे. डाव्या कडेला, दाढेजवळ, जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढा पांढरा चट्टा. त्यांनी तो कापडाने पुसून पाहिला. पुसला गेला नाही.

"आजी, हे कधीपासून?"

सासूबाई गप्प. मग म्हणाल्या, "वर्स झालं असंल. खरबरीत लागतंय. दुखत नाही, म्हून बोलले नाही."

दुखत नाही, म्हणून बोलले नाही! किती बायकांच्या तोंडचे वाक्य आहे हे! दोन वर्षांपासून त्यांनी ठेचा सोडला होता. ज्या बाईने जन्मभर भाकरीशी हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला, ती वरणात कुस्करून खाऊ लागली. विचारले की "वय झालं गं, आता सोसत नाही" म्हणायच्या. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकून मान हलवली. तंबाखू-सुपारीच्या माणसाला तिखट एकाएकी झोंबू लागणे, तोंड पूर्ण उघडेनासे होणे, ही वयाची लक्षणे नव्हेत. तोंडाच्या आतली मऊ कातडी निबर होऊ लागल्याची ती खूण असते.

पांढऱ्या चट्ट्याचा तुकडा काढून तपासायचा ठरला. इथे एक सांगायलाच हवे. शेजारच्या एक काकू संध्याकाळी मुद्दाम येऊन सांगून गेल्या, "तुकडा काढू देऊ नका हो, सुरी लागली की रोग पसरतो." हा समज आपल्याकडे इतका मुरलेला आहे की त्यापायी माणसे सहा-सहा महिने घरी बसतात, आणि मग खरोखरच पसरलेला रोग घेऊन मुंबईची गाडी धरतात. तपासणीच्या तुकड्याने रोग पसरत नाही, आपण घालवलेल्या वेळाने पसरतो. जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, एखादा टाका, दहा-पंधरा मिनिटांचे काम. आपल्या परभणीत दातांचे कॉलेज आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालय आहे, सरकारी कर्करोग रुग्णालयही आहे. दर वेळी परळच्या टाटा हॉस्पिटलपर्यंत धावायची गरज नसते.

अहवालाला आठ दिवस लागले. दिवाळी त्या आठ दिवसांतच आली. करंज्या झाल्या, दिवे लागले, लक्ष्मीपूजन झाले, सगळे जिथल्या तिथे झाले, पण घरातला कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. ह्यांनी दोनदा रात्री उठून आईच्या खोलीत डोकावलेले मी पाहिले. सासूबाई मात्र शांत होत्या. एकदाच म्हणाल्या, "तुझे सासरे गेले तेव्हा ही डबी हातात होती, दोन लेकरं गेली तेव्हा हातात होती. हिच्याशी बोलून तर दिवस काढले."

मला त्या दिवशी कळले की व्यसन सोडा म्हणून सांगणे फार स्वस्त असते.

अहवाल आला. कर्करोग नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या, त्या वाटेवर पाऊल पडले होते. चट्टा काढून टाकायचा, दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायचे, आणि मिसरी त्याच दिवसापासून बंद.

इथे भाची कामाला आली. भाऊबीजेला गंगाखेडची मंडळी आमच्याकडे जमली होती. एव्हाना तिची सूज उतरून 'ळ' परत आला होता. ती आजीपुढे बसली नि म्हणाली, "आजी, तुझी डबी दे, मी खिळी देते." सासूबाई म्हणाल्या, "आधी तू." पोरीने तिथल्या तिथे हात धुतले, मणी फिरवून काढला आणि खिळी आजीच्या तळहातावर ठेवली. जिभेचे भोक कानासारखे टिकून राहत नाही, नवे असले तर एक-दोन दिवसांत मिटते. तिचेही मिटले, वर एक बारीकशी गाठ राहिली आहे. पुढे तिचे दोन्ही वेळचे रक्तही चांगले आले. सासूबाईंनी डबी दिली खरी, पण दुसरी डबी तांदळाच्या डब्यात होती आणि तिसरी देवघरात, पंचांगामागे. त्या निघायला नाताळ उजाडला.

सोडतानाचे पहिले दोन आठवडे वाईट. डोके दुखे, चिडचिड होई, आणि मुख्य तक्रार म्हणजे सकाळी पोट साफ होईना. मिसरी लावणाऱ्या बहुतेक बायका हेच सांगतात. "ती लावल्याबिगर परसाकडंला होतच नाही." ती आतड्यांना लागलेली सवय असते. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका आणि जेवणात पालेभाजी वाढवून तीन आठवड्यांत जमले. त्याच रिकाम्या डबीत भाजलेली बडीशेप आणि ओवा भरून दिला, कारण हाताला डबी तर हवीच! पुन्हा त्या शेजारच्या काकू हजर. "तंबाखू सोडलीत तर सुपारी धरा." नको गं बाई! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केले आहे की सुपारी एकटीच, तंबाखूशिवायसुद्धा, कर्करोग करते. तंबाखूच्या पुडीवर सोडण्यासाठी मदत म्हणून एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. फुकट आहे. भाचीने आजीला लावून दिला. आजी पंधरा मिनिटे बोलल्या, बहुतेक भाचीच्या खिळीबद्दलच.

या सगळ्या निमित्ताने मी डॉक्टरीणबाईंना पुष्कळ प्रश्न विचारून घेतले. कारण प्रत्येक पांढरी जीभ काही भयंकर नसते, आणि उगाच भिऊन रात्रीची झोप घालवण्यातही अर्थ नाही. जिभेवर नकाशासारखे लाल पट्टे, भोवती पांढरी किनार, आणि तो नकाशा आठ-पंधरा दिवसांनी जागा बदलतो, असे कुणाकुणाला दिसते. तो निरुपद्रवी असतो, तिखटाने थोडे झोंबते इतकेच. जन्मजात चिरा असलेली जीभही तशीच, फक्त घास अडकू नये म्हणून नीट घासायची. जिभेवर काळे केस उगवल्यासारखे दिसले तर ती कुणाची करणी नव्हे! जिभेवरचे बारीक काटे वाढून त्यांत चहाचा, तंबाखूचा, औषधांचा रंग बसतो. घासली की जाते. पांढरा साय धरल्यासारखा थर, जो पुसला की निघतो आणि खाली लाल दिसते, ती बुरशी. मधुमेहाच्या बायकांत, फार दिवस प्रतिजैविके घेतली तर, किंवा दम्याचा फवारा घेऊन चूळ न भरल्यास ती होते. फवारा घेतला की खळखळून चूळ, एवढी सवय लावली तरी पुष्कळ.

आणि जीभ गुळगुळीत, लाल, आगआग होणारी असेल, तर ती बहुधा रक्ताची तक्रार सांगत असते. लोह कमी, नाहीतर बी-१२ कमी. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीच सांगते. आपण मात्र 'उष्णता झाली' म्हणून सब्जा पीत बसतो. डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे आणि जेवणाकडे बघावे. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी काढली, तिच्यात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त आहे. ओळखीचे कुणी शेतकरी असतील तर बियाण्याची चौकशी जरूर करा. भाकरीबरोबर लिंबाची फोड घ्या, लोह अंगी लागते. भाकरीवर लगेच चहा मात्र नको. बी-१२ दूध-दह्यातून मिळते. फार कमी असेल तर गोळी किंवा इंजेक्शनच लागते. पाळी जायच्या वयात काहीजणींची जीभ नुसतीच जळजळते, दिसत काही नाही. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. तेही खरे दुखणे आहे, त्याला औषध आहे.

तोंड आले तर जाईचा पाला चघळायचा, साजूक तूप लावायचे, हे आपण करतो, करायला हरकत नाही. पण टाकणखाराची लाही मधात खलून तान्ह्या बाळाच्या जिभेला लावायची जुनी रीत कृपा करून बंद करा. टाकणखार बाळाला विषारी असतो, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही द्यायचा नसतो.

डॉक्टरीणबाईंनी एक हिशेब घालून दिला, तो मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. तोंडातली कुठलीही जखम, चट्टा, गाठ दोन आठवड्यांत गेली नाही तर दाखवायचे. दुखो वा न दुखो. विशेष करून जिभेच्या कडेची आणि जिभेखालची. न दुखणारी तर आधी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी वाण काय लुटायचे हा मोठा प्रश्न असतो. प्लॅस्टिकच्या डब्या, गाळण्या, साबणाच्या पेट्या सगळे लुटून झाले आहे. या वर्षी मी हाताएवढे छोटे आरसे लुटले. तिळगूळ दिला आणि म्हटले, गोड बोला, पण आधी जीभ बाहेर काढा! बावीसजणी आल्या होत्या. खूप हसू झाले. सासूबाई खुर्चीत बसून सगळ्यांना जीभ कशी धरायची, कडेला कशी वळवायची, टोक टाळ्याला लावून खालची बाजू कशी बघायची ते दाखवत होत्या. अगदी मास्तरीणबाईंच्या थाटात. तिघींनी पदर तोंडाला लावला आणि काही केल्या तोंड उघडले नाही. त्यांच्या काळ्या दातांवरून कारण कळलेच. त्यांतली एक दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दाराने आली, सासूबाईंकडे. दोघी आत बसून बराच वेळ बोलत होत्या. आणखी एकीच्या जिभेच्या कडेला महिनाभराची जखम निघाली. ती आठवडा घाबरून होती, पण दाढेचे टोक टोचत होते एवढेच. डॉक्टरीणबाईंनी ते घासून दिले नि दहा दिवसांत जखम भरली. शेजारच्या त्या काकूंनी मात्र आरसा घेतला, उलटसुलट पाहिला, आणि विचारले, "याच्याबरोबर कंगवा नाही का?"